सोयरिकीत ठरलेलं कन्नड चॅनल

दोन कंपन्यांचं भांडण मिटलं आणि चॅनल परत लागलं. कशावरून जुंपलं होतं, कशावर मिटलं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण त्या भांडणाच्या दिवसांत मी एका घरी जे पाहिलं त्यानं असा हादरलो की अजून सावरलो नाही. संपादकसाहेब म्हणाले, "मामा, बोलता तसंच लिहा, आम्ही बघून घेऊ." मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. अक्षर म्हणजे ओल्या मातीत कोंबडी फिरल्यासारखं. तरी लिहायला दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. माझं आहे, मीच लिहिणार. चुकलं तर चुकलं.

माझा धंदा छत्र्या बसवण्याचा. पावसाच्या नव्हे, टीव्हीच्या. उदगीरला छोटं दुकान आहे, पण दुकानात मी कमी आणि लोकांच्या माळवदावर, पत्र्यावर जास्त. आधी जाळीच्या मोठ्या छत्र्या होत्या. अंगणात उभी केली की बैल बुजायचे. मग परातीएवढ्या आल्या. उदगीर, देगलूर, कंधार, मुदखेड, इकडे लातूरपर्यंत माझ्या हातच्या छत्र्या आहेत. वावटळीत पत्रे उडालेली घरं मी पाहिली आहेत, त्यांच्यावरची माझी छत्री हललेली पाहिली नाही. ही फुशारकी वाटेल. वाटू द्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आभाळात एक यंत्र आहे, तिथून चित्र खाली येतं. छत्री ते झेलते, वायरीतून डब्याला देते, डबा टीव्हीला देतो. छत्रीचं तोंड केसभर फिरलं तरी चित्र फाटतं. मी सगळी हयात एका समजुतीवर काढली. तोंड बरोबर, वायर धड आणि रिचार्ज भरलेला असेल तर चित्र येणारच, दिवस उगवला की उजेड पडतो तसं.

तसं नसतं, हे मला म्हातारपणी कळलं. चॅनल काढणारी कंपनी वेगळी आणि छत्रीवाली वेगळी. एक म्हशीची मालकीण, दुसरी घरोघर दूध घालणारी. मालकीण म्हणते भाव वाढवून दे, घालणारी म्हणते परवडत नाही. दोघी हट्टाला पेटल्या की रतीब बंद. तुमचं भांडं घासूनपुसून दारात ठेवलेलं असतं आणि तुम्ही बिचारे भांड्याला भोक पडलं का, ते बघत बसता. बंद होण्याआधी थोडे दिवस टीव्हीवर खाली पट्ट्या फिरतात. चॅनलवाली म्हणते छत्रीवालीचा कसूर, छत्रीवाली म्हणते चॅनलवाली लालची. लोकांना वाटतं साबणाची जाहिरात आहे. मग एका सकाळी चित्राच्या जागी काळा पडदा आणि त्यावर एक ओळ, हे चॅनल उपलब्ध नाही.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा डब्याला हात लावून तसाच बसलो. सिग्नल पुरता, चित्र नाही. नाडी चालू आणि माणूस मेलेला, असं कुठं असतं का?

गेल्या दोन वर्षांत वेगवेगळ्या चॅनलांचं असं दोन-तीनदा झालं, आणि लोक मलाच धरायचे. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं माझ्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या मंडळीचं न् माझं नळावर वाजलं म्हणून तुमी घरून बटन दाबलं." कंधारला एकानं नजर लागली म्हणून छत्रीला लिंबू-मिरची बांधली. लिंबू लोंबकळलं ते नेमकं छत्रीच्या मधल्या तोंडासमोर, त्यामुळे उरलेली चॅनलंही गेली. मी ते सोडायला लागलो तर म्हणतो, "मामा, लिंबाला हात लावू नका, दुसरं काय करायचं ते करा."

असल्या गमती पुष्कळ. पण मी सांगायला बसलो ते शंकररावांच्या घरचं.

शंकरराव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातले शेतकरी. त्यांची मंडळी काशीबाई. मुलगा महेश लातूरला पाइपच्या कारखान्यात कामाला, शनिवारी घरी येतो. त्याची सोयरीक मीच जमवली. यात नवल वाटायला नको. छत्रीवाल्याला घर आतून दिसतं. टीव्ही कुठं ठेवायचा यावरून घरात कोणाचं चालतं ते कळतं. पाणी कोण आणून देतं, कसं देतं, सासू सुनेला कोणत्या आवाजात हाक मारते, ते माळवदावरून ऐकू येतं. सोयरीक करायची असली की लोक मला हळूच विचारतात, मामा, ते घर कसं आहे?

मुलगी भालकीकडची, महादेवी. तिचे वडील शिवराजअप्पा. काठी हातात, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसावं. आमच्याकडे सुपारी फोडायच्या आधी जे बोलायचं ते बोलून घेतात. एकदा सुपारी फुटली की बोललेलं मागे घ्यायचं नाही. तिथं अप्पा म्हणाले, "सोनंनाणं तुमच्या मनानं घाला. माझं मागणं एकच. पोरीला मराठी समजतं, बोलाय येत न्हाई. जावई लातूरला. घरात तिच्या कानावर कन्नड पडाय पायजे. तिचं चॅनल कधी बंद पडू नये."

बैठकीत सगळे हसले. शंकरराव म्हणाले, "हाव, एवढंच ना?" मला कुठून अवसान आलं कोण जाणे, मी मध्ये बोललो, "अप्पा, छत्री माझ्या हातची हाय. चॅनल बंद पडणार न्हाई, ही माझी जबान." सुपारी फुटली.

लग्नाला दोन वर्षं झाली. त्या वाटेनं गेलो की मी दारातून हाक मारायचो, "महादेवी, चॅनल लागतंय ना?" ती पदर सारखा करून मान हलवायची. मला बरं वाटायचं. जबान पाळली म्हणून छाती काढून पुढे जायचो.

मग ते भांडण लागलं. ही चॅनलवाली कंपनी दक्षिणेकडची, तिची कन्नड आणि तेलुगू चॅनलं. त्यामुळे शंकररावांच्या गावात कोणाला पत्ताही लागला नाही, मराठी सगळं चालू होतं. कन्नड घेणारं घर त्या गावात एकच. एका सकाळी शंकररावांचा फोन आला. "मारोतराव, आसाल तसे या. पाव्हणे आलेत." आवाज असा की कोणी गेलं असेल असंच मला वाटलं.

जाऊन बघतो तर दारात जीप, ओट्यावर अप्पा, पायातले जोडेसुद्धा काढलेले नाहीत. शंकरराव खांबाला टेकून उभे, चेहरा काळाठिक्कर. काशीबाई खाली बसून शेंगा फोडत होत्या, पण डोळे सगळे ओट्यावर. महादेवी आतल्या दाराला धरून उभी होती.

अप्पांनी मला राम राम घातला नाही. काठीनं टीव्ही दाखवला.

"मामा, सुपारी फुटताना काय बोलला होता?"

"बोललो ते बोललो. मागं घेत न्हाई."

"मग ह्ये काय हाय?"

काळा पडदा आणि ती ओळ. मी माळवदावर चढलो, छत्री पाहिली. तोंड बरोबर. वायर पाहिली, धड. खाली येऊन डबा पाहिला, सिग्नल पुरता. म्हटलं, "अप्पा, छत्रीचा दोष न्हाई. वर कंपन्यांचं भांडण चालू हाय."

"कंपन्यांचं? माझ्या घरी चालू हाय की तेच चॅनल. आज सकाळी बघून निघालो. तुमच्या गावाला आभाळ वेगळं हाय काय?"

आता याला काय समजावू? अप्पांच्या घरी छत्री नाही, तारेवरचा केबलवाला आहे. त्या केबलवाल्याशी चॅनलवालीचं भांडण नव्हतं, छत्रीवालीशी होतं. हे मी सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच खोटं वाटायला लागलं.

शंकरराव म्हणाले, "पाव्हणे, रिचार्ज एक दिस चुकवला न्हाई मी. आईची आण."

"रिचार्ज भरून बंद? ल्हान्या लेकराला सांगा. माझ्या पोरीनं कन्नड इसरावं म्हणून तुमीच बंद केलं. सरळ बोला की."

मी म्हटलं थांबा, कंपनीलाच विचारू. फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. हे दाबा, ते दाबा, मग गाणं, मग एक मुलगी हिंदीत गोड बोलली. म्हणाली, होय सर, ते चॅनल सध्या आमच्याकडे नाही, पण काळजी नसावी, त्या बदल्यात आम्ही तुम्हाला एक भोजपुरी चॅनल फुकट देतो आहोत.

अप्पा उठलेच.

"भोजपुरी? माझ्या पोरीनं तुमच्यात येऊन भोजपुरी शिकायचं?" मग आत बघून, "महादेवी, पिशवी भर. चॅनल लागलं की पाठवतो. न्हाई लागलं तर न्हाई."

काशीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आमच्याकडे बाप भांडून पोरगी घेऊन गेला, तर ती परत येणं किती अवघड असतं हे सांगायला नको. आज पिशवी, उद्या पंच, परवा वकील. महेश लातूरला मशीनवर उभा असेल, त्याला यातलं काहीच माहीत नाही. आणि हे सगळं माझ्या जबानीवर उभं.

मी अप्पांच्या जीपच्या आडवा उभा राहिलो. "अप्पा, पोरगी न्या, पर आधी माझ्याबरोबर देगलूरला चला. तिथं एका तेलुगू घरावर माझ्याच हातची, ह्याच कंपनीची छत्री हाय. त्या घरी बी चॅनल बंद आसंल, तर दोष ह्या घराचा न्हाई."

"तिथं चालू असलं तर?"

"तर तुमच्या काठीनं मला हाणा, मी पुन्हा छत्रीला हात लावणार न्हाई. मी हितंच हाय."

गेलो. मला तरी खात्री होती का? सांगतो, नव्हती. कंपनीचं कोणी काय सांगावं. तेलुगूचं मिटलं असेल आणि कन्नडचं राहिलं असेल, तर?

देगलूरला ते घर शिंप्याचं. म्हातारी नरसम्मा दारातच बसली होती. मला पाहिलं आणि उसळली, "इप्पुडु वच्चिनवा?" म्हणजे, आत्ता आलास होय! पुढचं सगळं तेलुगू-मराठीच्या खिचडीत. "मी रोज पोराला म्हणते, त्या मुडद्याला फोन लाव. माझं चॅनल मेलं. छत्री कसली बसवली रे? माझ्या सुनेच्या भाकरीसारखी वाकडी!"

इतका आनंद मला शिव्या खाऊन आयुष्यात झाला नव्हता. म्हटलं, "आज्जी, शिव्या द्या, पण टीव्ही लावा." तिनं लावला. तोच काळा पडदा, तीच ओळ. अप्पा जवळ गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हातारीला विचारलं, "रिचार्ज भरलाय काय?"

म्हातारीनं अप्पांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ह्ये कोण भिकारी माझ्या घराचा रिचार्ज विचारतोय?"

अप्पा बाहेर येऊन जीपला टेकून उभे राहिले. चेहऱ्यावरचा रंग उडालेला. "मामा, म्हणजे सोयरा खरं बोलून राहिला होता." मी म्हटलं, "हाव." "मी त्याला त्याच्या दारात बेइमान म्हणालो." परतीच्या वाटेत त्यांनी जीप थांबवून केळी घेतली, पेढे घेतले. मला वाटलं, मिटलं. माझी जबान राहिली.

गावात शिरलो, दारात उतरलो, आणि बघतो तर काय. अंगणाच्या मधोमध माझी छत्री पालथी पडलेली. वायर तुटलेली, खिळ्यासकट उपसलेली. वावटळीला जी हलली नाही ती शंकररावांनी पहार घालून उपटली होती. ते घामानं निथळत ओट्यावर बसलेले, पहार मांडीवर.

"मारोतराव, घेऊन जा ती. ज्या वस्तूपायी माझ्या दारात मला खोटं पाडलं, ती वस्तू माझ्या घरावर न्हाई ऱ्हानार."

अप्पांच्या हातात पेढ्याचा पुडा. माफी मागायला म्हणून ते उतरले होते, पण छत्री पाहिली आणि पुन्हा टाळकं फिरलं. "म्हणजे आता चॅनल कधीच न्हाई?"

"न्हाई."

"मग पोरगी बी..."

"अप्पा!" मी ओरडलो. "शंकरराव, तुमी बी!" कोणी ऐकेना. दोन म्हातारे समोरासमोर, एकाच्या हातात पहार, एकाच्या हातात पेढे, आणि दोघं एकाच वेळी बोलतायत. वर कंपन्या भांडत होत्या आणि खाली हे. मला काही फरक दिसेना.

तेव्हा महादेवी बाहेर आली. दोन वर्षांत मी तिचा आवाज धड ऐकला नव्हता. ती माझ्याकडे बघून बोलली, मराठीत, एकेक शब्द निवडून.

"मामा, देगलूरला कशाला गेला? मला म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"खाली पट्टी फिरत होती. कन्नडमधी. मी वाचली. कंपन्यांचं भांडण हाय, चॅनल बंद होणार, सगळं लिव्हलं होतं."

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "मग फोनवर तसं का न्हाई सांगितलं? नुसतं बंद झालं म्हणालीस!"

"सांगितलं आसतं तर तुमी आला आसता काय?"

ती पुढं बोलत राहिली आणि आता थांबेना. "दोन पंचम्या गेल्या. गावातल्या समद्या सुनांना न्यायला मुराळी आला. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. मी दारात उभी. तुमचा फोन येतो, चॅनल लागतंय ना? लागतंय म्हनलं की ठेवता. मी म्हायेरी आले ती ह्यांच्यासंगं, पाव्हण्यासारखी. न्यायला कुणी आलं न्हाई. चॅनल बंद झालं म्हनलं, तर दुसऱ्या दिवशी जीप."

देगलूरच्या पडद्यानं मी जिंकलो म्हणून खूश होतो. दोन वर्षं दारातून मीसुद्धा तेवढंच विचारत आलो होतो, चॅनल लागतंय ना. तिनं मान हलवली की पुढे. बैठकीत आम्ही सगळे बापे तिच्याबद्दल बोललो होतो, तिला काय पाहिजे हे आम्ही ठरवलं होतं. ती तिथंच पडद्याआड बसलेली. विचारलं कोणी? छत्रीचं तोंड कुठं असावं हे मला कळतं अशी माझी घमेंड. ही पोरगी कुठं तोंड करून उभी आहे ते मला दिसलं नव्हतं.

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली. जोडे काढले. काशीबाईंनी पाणी दिलं ते सगळं प्याले. मग शंकररावांच्या समोर जाऊन हात जोडले, आणि त्यांचा तो गल्ली उठवणारा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"सोयरे, सकाळी आलो ते भांडाय आलो. ते माफ करा. आता मी मुराळी म्हणून आलोय. पोरीला चार दिस पाठवता काय?"

शंकररावांनी पहार भिंतीला उभी केली. "मुराळ्याला जेवल्याबिगर जाऊ देत न्हाईत आमच्यात. काशे, पुरण घाल."

"सोयऱ्याला हितं फोडून काढणार होता, आता पुरण?" काशीबाई म्हणाल्या, पण उठल्या.

पुरण शिजेस्तोवर मी छत्री परत चढवली. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. खिळ्यांची भोकं मोठी झाली होती, पाचरी मारून आवळली. खालून महादेवीच्या हसण्याचा आवाज आला. अप्पा काहीतरी कन्नडमध्ये सांगत होते, बहुतेक नरसम्मानं त्यांना भिकारी म्हटल्याचं.

जेवणं झाली. पिशवी जीपमध्ये गेली, चटणीची बरणी गेली, लातूरला महेशला फोन झाला. महादेवी सासूच्या पाया पडली आणि उंबऱ्यातच घोटाळली. अप्पांनी जीपमधून हाक दिली, "नडी मगळे, अव्वा दारी नोडतिदाळ."

चल लेकी, आई वाट बघते आहे. मी सीमेवरचा माणूस, एवढं कन्नड मला येतं. शंकररावांना एक अक्षर येत नाही.

काशीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि थेट जीपकडे बघून म्हणाल्या, "हितं बी वाट बघणारं माणूस हाय म्हणावं. चार दिस म्हनलं तर चारच दिस."

अप्पा वळून बघायला लागले. शंकरराव तर बायकोकडे असे बघत होते की जणू ओट्यावर कोणी परकी बाई येऊन उभी राहिली आहे.

"तुला कन्नड कवापासून समजाय लागलं गं?"

"तुमी भाईर शेतात, लेक लातूरला," काशीबाई म्हणाल्या. "आमी दोघी आत टीव्हीम्होरं बसतो. तुमाला काय म्हाईत?"